क्लबकडून खेळायचं की मुलांना शिकवायचं?

पत्र: ‘मी ३१ वर्षांचा आहे. नागपूरला खात्याच्या बास्केटबॉल टीमकडून पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा) खेळतो, नोकरीही खेळाच्या कोट्यातलीच. गुडघा आता कुरकुरायला लागलाय. आमच्या क्लबनं जूनपासून सोळा वर्षांखालच्या मुलांची टीम माझ्याकडे सोपवायचं ठरवलंय. सर्बियाचा झेल्को ओब्रादोविच एका रात्रीत खेळाडूचा कोच झाला आणि वर्षाच्या आत युरोपचा कप जिंकला, असं वाचनात आलं. मलाही तशीच उडी घ्यावीशी वाटते. पण निदान एक सीझन क्लबकडून खेळतही राहावं, असंही मन म्हणतं. कोचिंगचा कोर्स केलेला नाही. दोन्ही जमेल का? सुरुवात कुठून करू?’

उत्तर: मुलांची टीम घ्या. क्लबकडून खेळणं थांबवा. खात्याकडून खेळायचं मात्र सोडू नका, कारण नोकरी त्यावर उभी आहे आणि सोळा वर्षांखालच्या टीमच्या मानधनावर घर चालत नाही. राहिला ओब्रादोविच. त्याची गोष्ट तुम्ही वाचलीत ती खरी आहे, पण अर्धी. तुमच्या कामाचा भाग उरलेल्या अर्ध्यात आहे.

त्याचा जन्म १९६० चा, बेलग्रेडच्या दक्षिणेला असलेल्या चाचाक गावचा. तिथल्या बोरात्स क्लबकडून तो मोठा झाला आणि १९८४ मध्ये बेलग्रेडच्या पार्टिझानला आला. तोही पॉइंट गार्डच. युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघातून १९८८ च्या सोल ऑलिंपिकचं रौप्य आणि १९९० मध्ये अर्जेंटिनात जागतिक स्पर्धेचं सुवर्ण त्याला मिळालं, पण त्या संघातली मोठी नावं दुसरी होती: पेट्रोविच, दिवाच, कुकोच. १९९१ च्या उन्हाळ्यात रोमच्या युरोपियन स्पर्धेसाठी राष्ट्रीय शिबिर चालू होतं. ते सोडून तो थेट पार्टिझानचा मुख्य कोच झाला. तेव्हा तो तुमच्याच वयाचा होता, ३१ चा. एप्रिल १९९२ मध्ये इस्तंबूलला पार्टिझाननं स्पेनमधल्या बादालोनाच्या जोव्हेंतुतला ७१-७० असं हरवून युरोपचा कप घेतला.

आता उरलेली अर्धी. एक तर त्या रात्रीमागे राष्ट्रीय शिबिरांत दुशान इव्कोविच आणि पार्टिझानमध्ये दुश्को वुयोशेविच या कोचच्या हाताखाली काढलेली वर्षं होती. पॉइंट गार्डला प्रत्येक चालीत उरलेल्या चौघांच्या जागा पाठ असाव्या लागतात, म्हणजे कोचचं निम्मं काम तो खेळताखेळताच करत असतो. दुसरं, हाताशी साशा जॉर्जेविच आणि प्रेद्राग दानिलोविच होते. टीम कोवळी होती, पण हे दोघे युरोपात कुठेही खेळले असते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सांगायची राहून जाते. नव्या कोचशेजारी सल्लागार म्हणून अलेक्झांडर निकोलिच बसलेले होते. सगळे त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. इटलीच्या व्हारेसे क्लबला त्यांनी १९७०, १९७२ आणि १९७३ असे तीन युरोपियन कप मिळवून दिले होते.

त्या सीझनची परिस्थितीही ध्यानात घ्या. युगोस्लाव्हियात युद्ध पेटलेलं असल्यामुळे पार्टिझानला युरोपियन स्पर्धेतल्या जवळपास सगळ्या ‘घरच्या’ मॅचेस माद्रिदजवळच्या फुएनलाब्राडा गावात खेळाव्या लागल्या. फायनलला शेवटचे काही सेकंद उरले असताना जोव्हेंतुतनं ७०-६८ अशी आघाडी घेतली. ओब्रादोविचनं टाइमआउट घेतला नाही. चेंडू आत आला, जॉर्जेविच कोर्टभर ड्रिबल करत गेला आणि त्यानं तीन गुणांचा बाण मारला. समोरची टीम अजून मागे धावत होती. टाइमआउट घेतला असता तर त्यांना डिफेन्स लावायला एक मिनिट आयतं मिळालं असतं.

यात तुम्ही उचलण्याजोगं पहिलं म्हणजे त्यानं खेळणं तोडलं, ते पूर्ण तोडलं. तुम्हाला एकेक पाय दोन्हीकडे ठेवायचाय, तसं का नको ते सांगतो. फीबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात खेळाडू-कोचला जागा आहे, पण ती अडचणीपुरती: कोच नाही, सहायकही नाही, तर कॅप्टननं कोचचं काम पाहायचं. ही सोय सीझनभराची पद्धत करायची म्हटली की गाडी रुळावरून घसरते. कोर्टवर असताना तुम्हाला चेंडूची बाजू दिसते, उलटी बाजू दिसत नाही, आणि मुलांच्या टीमचे बहुतेक बास्केट उलट्या बाजूच्या झोपलेल्या डिफेंडरमुळे बसतात. शिवाय क्लबच्या सीनियर टीमचा सराव आणि मुलांचा सराव साधारण एकाच वेळी, एकाच कोर्टवर असतो. आज गुडघा दुखतोय म्हणून तुम्ही मुलांना लवकर सोडणार, किंवा मुलांमुळे स्वतःचं वॉर्मअप गाळणार. दुसऱ्या प्रकारात गुडघा जातो. खात्याच्या स्पर्धेच्या तारखा जूनच्या आधीच क्लबला लेखी कळवा. त्या आठवड्यात सराव कोण घेणार, तेही त्याच कागदावर असू द्या.

दुसरं: तुमचा निकोलिच शोधा. नागपुरात बास्केटबॉलची जुनी मंडळी कमी नाहीत. निवृत्त कोच, शाळेतले पी.टी.चे सर, एखादे जुने पंच, कोणीही चालेल. एकच अट, त्यांना मुलांच्या स्पर्धा पाहायची सवय हवी. पण काम आधीच आखून द्या. आठवड्यातला एक सराव आणि सीझनमधल्या चार-पाच मॅचेस त्यांनी बघायच्या, वहीत तीनच गोष्टी लिहायच्या आणि त्या मॅचनंतर फक्त तुम्हाला सांगायच्या. हे ठरवलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात ते साइडलाइनवरून मुलांना ओरडून सूचना देऊ लागतील. मुलांना दोन आवाज ऐकू आले की ती दोन्ही ऐकेनाशी होतात. आणि वडीलधाऱ्याला नंतर गप्प बसवणं आपल्याकडे किती अवघड, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तिसरं, खेळाचं. ओब्रादोविचच्या टीम पाहिल्यात तर चालींचा पसारा थोडा दिसेल. पिक अँड रोल (एकानं डिफेंडरच्या वाटेत उभं राहून ‘स्क्रीन’ लावायचा आणि मग बास्केटकडे वळायचं) आणि त्याभोवतीची जागांची शिस्त, यावर त्याचा सगळा डोलारा. ग्रीसच्या पानाथिनाइकोस क्लबमध्ये गार्ड दियामान्तिदिसच्या हातात चेंडू असताना कोपऱ्यातले दोघं किती निश्चल उभे राहतात, ते मुद्दाम बघा. सोळा वर्षांखालच्या मुलांनाही हीच एक चाल शिकवा, पण नीट.

चेंडूवाला बास्केटच्या तिरक्या बाजूला, ४५ अंशांवर. स्क्रीन लावणारा धावत येतो, दोन्ही पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद टेकवतो आणि थांबतो. तो थांबेपर्यंत चेंडूवाल्यानं निघायचं नाही. मुलं हमखास चुकतात ती इथंच: घाई होते, स्क्रीनवाला हलताहलता धडकतो, पंच फाउल देतो आणि चेंडू जातो. चेंडूवाल्यानं स्क्रीनवाल्याच्या कमरेला खांदा घासून जायचं, मधे डिफेंडर शिरेल एवढी फट ठेवायची नाही. पलीकडे दोन ड्रिबल, आणि मगच निर्णय. स्क्रीनवाल्यानं चेंडूकडे छाती ठेवून वळायचं. पाठ केली तर पास त्याच्या डोक्याला लागतो. दोन्ही कोपऱ्यांत एकेक जण, तीन गुणांच्या रेषेच्या किंचित बाहेर. पाचवा उलट्या बाजूच्या ४५ वर. दोघांत चार-साडेचार मीटर अंतर हवं. कोपऱ्यातली पोरं कंटाळून आत सरकतात, त्यांच्यामागून त्यांचा डिफेंडरही आत येतो आणि रोल करणाऱ्याची जागा बुजते. चाल फसली की आपण गार्डला बोलतो, चूक बहुतेक वेळा कोपऱ्यात असते.

डिफेन्सला पर्याय अनेक आहेत: मागे थांबणं, अदलाबदल, बाजूला ढकलणं. पहिल्या वर्षी एकच शिकवा. स्क्रीनवाल्याला धरणाऱ्या मोठ्या मुलानं दोन पावलं पुढे येऊन चेंडूवाल्याला अडवायचं आणि लगेच आपल्या माणसाकडे परतायचं. तो परतेपर्यंत उलट्या बाजूच्या डिफेंडरचा एक पाय पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) हवा. आणि स्क्रीन येताना मागच्या डिफेंडरनं ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ ओरडायचंच. ओरडलं नाही तर खेळ थांबवा, तिथूनच परत सुरू करा. झोन डिफेन्सचा (माणूस न धरता आपापली जागा राखण्याचा) मोह होईल, कारण या वयात लांबून शॉट बसत नाहीत आणि झोन लावून मॅचेस जिंकता येतात. नका लावू. झोनमध्ये वाढलेलं पोर अठराव्या वर्षी आपला माणूस धरू शकत नाही, आणि मग ते शिकवायला कुणाला वेळ नसतो.

सरावाचं म्हणाल तर पंधरा मुलं, आठ चेंडू, दीड तास असं धरून चालू. पहिली दहा मिनिटं चेंडूसह वॉर्मअप; नुसत्या फेऱ्या मारायला लावणं म्हणजे मिळालेल्या वेळेची नासाडी. मग पंधरा मिनिटं डाव्या-उजव्या हातानं लेअप (धावत बास्केटजवळ जाऊन टाकलेला शॉट), रांगेत तिघांपेक्षा जास्त नकोत. पुढची पंधरा मिनिटं जोडीनं शूटिंग, एका जोडीला एक चेंडू: पाच जागा, प्रत्येक जागेवरून पाच बसलेले शॉट, म्हणजे एकूण पंचवीस. मारलेले मोजू नका, बसलेले मोजा. एखाद्याचे सहा-सात मिनिटांत होत नसतील तर त्याला अर्धा मीटर जवळ आणा, कारण ताकद कमी पडली की पोर चेंडू छातीजवळून ढकलायला लागतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. नंतर वीस मिनिटं अर्ध्या कोर्टवर तीनास तीन, फक्त पिक अँड रोल. मग दहा मिनिटं चारास चार ‘शेल’, बास्केट न करता, फक्त डिफेन्सच्या जागांसाठी. त्यात एकच बघा: पास हवेत असतानाच चौघं सरकतात का? चेंडू पकडल्यावर सरकणारा अर्धा सेकंद उशिरा पोचतो. शेवटची वीस मिनिटं पूर्ण कोर्ट. त्यात दर चार मिनिटांनी खेळ थांबवून दोघांना दोन-दोन फ्री थ्रो. दमलेलं असताना, सगळे बघत असताना. ताजेतवाने असताना एकट्यानं मारलेले पन्नास फ्री थ्रो मॅचमध्ये फारसे कामाला येत नाहीत.

बोलणं तीस सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. खेळाडूचा नवाकोरा कोच हमखास करतो ती चूक म्हणजे स्वतः करून दाखवणं आणि करतच राहणं. पोरं कौतुकानं बघतात, पण त्यांच्या हातात चेंडू येत नाही.

जून-जुलैत सिमेंटचं उघडं कोर्ट ओलं असेल त्या दिवशी दिशा बदलून पळणं आणि उड्या पूर्ण बंद. व्हरांड्यात जागेवरचं ड्रिबल, भिंतीवर पास आणि अर्धा तास खडू-फळा. असे दिवस चाली समजावण्यासाठीच राखून ठेवा, म्हणजे कोरड्या दिवशी बोलण्यात वेळ जाणार नाही.

आता ओब्रादोविचची जी गोष्ट उचलायची नाही ती. टाइमआउटमध्ये लालबुंद होऊन ओरडणारा ओब्रादोविच इंटरनेटवर सगळ्यात जास्त पाहिला जातो. ते ओरडणं पगारी, कसलेल्या, त्याच्याबरोबर रोज दोन वेळा सराव करणाऱ्या माणसांवर असतं. पंधरा वर्षांच्या मुलावर तसं ओरडलात की पुढच्या चालीला त्याची नजर चेंडूऐवजी बेंचवर असते. नियमाचा हिशेबही पक्का ठेवा: स्वतःच्या वागण्याबद्दल दोन टेक्निकल फाउल मिळाले की कोच बाहेर, बेंचवरच्या इतरांचे धरून तीन झाले तरी बाहेर. म्हणजे बेंचवरच्या पालकाची जीभही तुमच्याच खात्यात जमा होते.

टाइमआउट पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन, आणि त्यातले चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. जादा वेळेत प्रत्येकी एक. पहिल्या हाफचे पुढे नेता येत नाहीत, त्यामुळे साठवून ठेवण्यात अर्थ नाही. एक मिनिटात पहिले दहा सेकंद पोरांना पाणी पिऊ द्या, तेवढ्यात तुम्ही सहायकाशी बोला. मग हल्ल्यातली एक गोष्ट, डिफेन्समधली एक. शेवटी कोण कुणाला धरणार, ते पोरांकडूनच वदवून घ्या. तिसरी सूचना दिलीत की पहिली गेली. शेवटच्या दोन मिनिटांत आपल्या अर्ध्यातला चेंडू टाइमआउटनंतर पुढच्या अर्ध्यातून आत टाकता येतो, पण मग शॉटसाठी जास्तीत जास्त १४ सेकंदच मिळतात. १४ सेकंदांत तुमच्या टीमला चांगला शॉट काढता येतो का, हे सरावात मोजून ठेवलेलं असलं पाहिजे.

निकालाबद्दल. ओब्रादोविचच्या नावावर पाच क्लबांसह नऊ युरोलीग (म्हणजे वरचा तोच युरोपचा कप) आहेत: पार्टिझान, जोव्हेंतुत (१९९४), रियाल माद्रिद (१९९५), पानाथिनाइकोसबरोबर २००० ते २०११ या काळात पाच, आणि २०१७ मध्ये तुर्कस्तानचा फेनरबाचे. हा आकडा बघून घाबरू नका आणि भुलूही नका. त्याच माणसाच्या हाताखाली २००५ मध्ये सर्बिया-माँटेनेग्रोचा संघ घरच्या मैदानात, बेलग्रेडला, युरोपियन स्पर्धेत फ्रान्सकडून हरून लवकर बाहेर पडला. खेळाडूंचं आपापसात पटत नव्हतं, आणि नंतरच्या पत्रकार परिषदेत ते त्यानं उघड बोलूनही दाखवलं. एवढा अनुभव असलेला कोचही ड्रेसिंग रूममधली भांडणं कागदावरच्या चालींनी मिटवू शकला नाही. तुमच्याकडेही दोन शाळांचे दोन गट असतील. जोड्या लावताना पहिल्या दिवसापासून मिसळा. फेनरबाचेला तो २०१३ मध्ये गेला. पहिल्या सीझनला युरोलीगच्या प्लेऑफपर्यंतही टीम पोचली नाही, २०१६ ची फायनल जादा वेळेत गेली, कप चौथ्या सीझनला आला. २०२३ मध्ये युरोलीगच्या प्लेऑफला पार्टिझानकडून रियालविरुद्ध २-० अशी आघाडी असताना मालिका ३-२ नं हातची गेली. तुमच्या क्लबला पहिल्याच वर्षी जिल्ह्याची ट्रॉफी हवी असेल तर आत्ताच स्पष्ट बोला.

कोर्सबद्दल विचारलंत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स नोकरी सांभाळून, रजा काढून करता येतो. एक वर्षाचा डिप्लोमा नोकरीत असताना कठीण. यंदाच्या प्रवेशाच्या तारखा आणि बास्केटबॉल कुठल्या केंद्रावर आहे, ते संस्थेच्या सूचनेत बघून घ्या. फीबाची कोचसाठीची पुस्तकं पातळीवार, मोफत मिळतात. पहिली पातळी जूनच्या आत वाचून होईल. सर्बियन पद्धत जवळून बघायची असेल तर फार लांब जायला नको. वेसेलिन मातिच हे सर्बियन कोच २०१९ पासून भारताच्या पुरुष संघाबरोबर काम करू लागले. त्याआधी २००९ मध्ये त्यांनी इराणला आशियाई विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्या काळातल्या भारताच्या मॅचेस मिळाल्या तर चेंडू नसलेली चार माणसं बघा.

आणि पॉइंट गार्ड असण्याचा तुमचा फायदा खरा आहे, तो हातचा घालवू नका. २०२५ च्या युरोलीग फायनलला फेनरबाचेचा कोच शारूनास यासिकेविचस होता, समोरच्या मोनाकोचा वासिलिस स्पानूलिस. दोघंही २००९ ला पानाथिनाइकोसमध्ये ओब्रादोविचचे गार्ड होते. तेरा वर्षं त्याचा सहायक राहिलेला दिमित्रिस इतूदिस सीएसकेए मॉस्कोला घेऊन २०१६ आणि २०१९ चा कप जिंकला. बसून, बघून, वहीत टिपून शिकता येतं, याचा हा पुरावा.

जूनच्या आधी क्लबबरोबर एक बैठक घ्या आणि एवढं लिहून घ्या. टीम निवडणार कोण? तुम्ही, की कमिटी? आठवड्यात कोर्ट किती तास आणि कोणत्या वेळी? चेंडू किती (सात नंबरचे, दोघांत एक तरी), आणि पट्ट्या, बर्फ, पाणी यांचा खर्च कुणाचा? सहायक कोण? मॅचच्या दिवशी चार आकडे टिपायला एक माणूस हवा: गमावलेले चेंडू, समोरच्यांना मिळालेले हल्ल्यातले रिबाउंड (त्यांचाच शॉट हुकल्यावर त्यांनी परत पकडलेले चेंडू), दोन्हीकडचे फ्री थ्रो, आणि आपण खाल्लेले लेअप. गुणांचा तक्ता टेबलवर असतोच, तो तुम्ही ठेवायची गरज नाही. खेळाडूंची यादी मॅचच्या चाळीस मिनिटं आधी टेबलवर द्यावी लागते आणि दहा मिनिटं आधी सुरुवातीचे पाच सांगून सही करावी लागते. ओळखपत्रांची फाइल कुणाकडे राहील तेही त्याच बैठकीत ठरवा. ती घरी विसरली की त्या दिवशी तुमची चाल कितीही चांगली असली तरी पोरं बाहेरच बसतात.